रंगाखालचे हंस

माती माझी आई आणि भट्टी माझी सुईण. मी एक फुलदाणी आहे, लालबागच्या कोचरेकरांच्या घरातली. फुलदाणी म्हणून जन्माला आले खरी, पण फुलं माझ्या वाट्याला जन्मभर आली नाहीत. त्याऐवजी जे आलं, ते फार थोड्या फुलदाण्यांच्या नशिबात असतं. म्हणून मी जरा ऐटीत बोलले तर हसू नका.

माझा जन्म याच मुंबईतला. तेव्हा रस्त्यावर घोड्यांच्या ट्राम धावायच्या. हाताने रंगवलेली भांडी करणाऱ्या एका कारखान्यात एका कुंभाराने मला चाकावर घडवलं. त्याचा अंगठा माझ्या मानेपाशी जरा जास्त दाबला गेला, त्यामुळे माझी मान बहिणींपेक्षा बारीक आणि लांब झाली. पहिल्यांदा भाजून झाल्यावर मी चिताऱ्याच्या मांडीजवळ आले.

हा चितारी फार कमी बोलायचा. छापा नाही, ठसा नाही. डाव्या हाताने मला हळूहळू फिरवायचा आणि उजव्या हातातल्या बारीक कुंचल्याने रेघ ओढायचा. माझ्या पोटाभोवती त्याने निळ्या हंसांची रांग काढली. एकामागून एक चाललेले, चोचीत कमळाचे देठ धरलेले. रांग फिरून पहिल्या हंसाजवळ आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की शेवटच्या हंसाची मान पुढे मावणार नाही. मग त्याने त्या हंसाची मान मागे वळवली.

त्यानंतर माझ्यावर झिलई चढली आणि मी दुसऱ्यांदा भट्टीत गेले. बाहेर आले तेव्हा काचेसारखी चमकत होते. हंस आता माझ्या अंगात होते, अंगावर नव्हते. हा फरक मला माहीत होता. पुढे घरच्यांना तो माहीत नव्हता, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. पण ते नंतर.

आमचा माल बोटीने विलायतेला जायचा. तपासायला आलेल्या साहेबाने मला फिरवून पाहिलं आणि विचारलं, "हा एकच मागे का बघतो?"

चितारी म्हणाला, "साहेब, बाकीचे येतायत का ते बघतोय."

साहेब हसला. पण बोटीच्या खोक्यात मला घेतलं नाही. माझ्या बहिणी समुद्रापार गेल्या आणि मी मुंबईत राहिले. तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटतं, त्या वळलेल्या मानेने मला माझ्या माणसांसाठी राखून ठेवलं.

गिरगावातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाने मला विकत घेतलं. त्यांच्या दिवाणखान्यात मदर मेरीच्या तसबिरीपुढे माझी जागा होती. दर रविवारी माझ्यात पांढरी लिली असायची. त्या घरातली मॉड नावाची मुलगी माझ्यासमोर लहानाची मोठी झाली, मोठीची म्हातारी झाली. घर आवरून लेकीकडे राहायला जायची वेळ आली, तेव्हा तिने घरकाम करणाऱ्या बकुळाला बोलावलं.

"बकुळा, तू इतकी वरसं माझं घर सांभाळलंस. यातली कंची बी एक वस्तू घेऊन जा."

बकुळाने क्षणभरही विचार केला नाही. "माका ही फुलदाणी व्हयी, बाय."

"अगं, तो पितळेचा दिवा घे. मोडला तरी मोल येईल. ही मातीची, फुटली की संपली."

"माती असांदे," बकुळा म्हणाली.

पदरात गुंडाळून, मांडीवर घेऊन तिने मला लालबागला आणलं. वाटेत कुणाचा धक्का लागला की ती मला पोटाशी धरायची. इतकं जपून मला त्याआधी कुणी नेलं नव्हतं.

बकुळाचा नवरा रामजी गिरणीत होता. एक खोली, एक खिडकी, बाहेर सार्वजनिक गॅलरी. एवढ्याशा जागेत फुलदाणी कशाला हवी, असं मलाही वाटलं. पण बकुळाच्या मनात काय होतं ते गणपतीत कळलं.

कोचरेकरांकडे गावाहून आणलेला गौरीचा मुखवटा होता, पण गौरीला अंग नव्हतं. रॉकेलच्या रिकाम्या डब्याला साडी गुंडाळायची आणि वर मुखवटा टेकवायचा. तो दरवर्षी मान टाकायचा. शेजारणी ओवाळायला आल्या की तोंडाला पदर लावून हसायच्या. "बकुळे, तुझी गौर हय पोचली नि दमान झोपली गो!"

त्या वर्षी बकुळाने माझ्यात तांदूळ भरले. गौरीचं पोट रिकामं ठेवायचं नसतं. मग मुखवटा माझ्या बारीक मानेवर बसवला. तो असा घट्ट बसला, जणू कुंभाराचा अंगठा त्या दिवसासाठीच दाबला गेला होता. हिरवी साडी, नथ, हळदकुंकू. सगळी चाळ माझ्या पाया पडली. ओवसा, म्हणजे पहिल्या गौरीचं वाण, घेऊन आलेल्या नव्या सुना माझ्यासमोर सूप धरून उभ्या राहिल्या. मी मातीची, पण त्या दिवशी मी घरी आलेली लेक झाले. देवी झाले. सांगा, अभिमान वाटू नये का?

आता रामजीबद्दल सांगते.

गणपतीच्या आधी घराला रंग काढायचा, ही आमच्याकडची रीत. भिंतींना साधा रंग, दाराखिडक्यांना ऑइलपेंट. डब्याच्या तळाशी रंग उरतो. तो टाकायचा कसा? मग ट्रंकेला एक हात, स्टुलाला एक हात. एका वर्षी रामजीने मलाही वर्तमानपत्रावर उभं केलं.

बकुळा म्हणाली, "अहो, तिच्या आंगावर हंस आसत."

"हंस मळले गो सगळे," रामजी म्हणाला. "गौर येतली घरात, नि तिचा आंग मळका ठेवतंस?"

तो चेष्टा करत नव्हता. चुलीच्या धुराने मी खरंच काळवंडले होते. त्याने मला ओल्या फडक्याने पुसलं, वाळू दिलं, आणि मानेपासून खाली हळूहळू कुंचला फिरवला. एकेक करून हंस पिवळ्या रंगाखाली गेले. शेवटी मागे वळून बघणाराही गेला.

मी मनातून खूप रडले. पण कुणाचा हात तिरस्काराचा आणि कुणाचा प्रेमाचा, हे मातीला कळतं. आठवडाभर गिरणीतल्या साच्यावर कापड विणत राबलेला तो माणूस, सुट्टीच्या दिवशी कोपऱ्यात बसून माझं अंग उजळवत होता. दरवर्षी नवा रंग, दरवर्षी तीच काळजी. माझा तळ मात्र त्याने कधी रंगवला नाही. मला वर्तमानपत्रावर उभं करूनच तो रंगवायचा.

त्याचा मुलगा जयवंत मोठा झाला, छापखान्यात लागला, सुभद्राशी त्याचं लग्न झालं. बकुळा गेली. सासूमागे सुभद्राने गौरीच्या मुखवट्याला आणि मला सांभाळलं. रामजी म्हातारा झाला तरी माझा रंग त्याने कुणाला करू दिला नाही. शेवटच्या वर्षी त्याने मला आकाशी रंग दिला. ब्रश वेळेवर उचलला गेला नाही. माझ्या पायापाशी रंगाचा एक जाड ओघळ आला आणि तसाच वाळला. पुढच्या गणपतीला रामजी नव्हता.

त्यानंतर मला कुणी रंग दिला नाही. जयवंत डबा आणायचा, दारं रंगवायचा, आणि माझ्याजवळ आला की डब्याला झाकण लावायचा.

अशा वेळी माझी गाठ सुचित्राशी पडली.

सुचित्रा ही सुभद्राची परळच्या शाळेतली मैत्रीण. लग्नानंतर दादरला गेली, टपाल कचेरीत नोकरीला लागली. चाळीस वर्षांत दोघींचं भांडण आणि फराळ कधी थांबला नाही. कुणी साड्या जमवतं, कुणी भांडी. सुचित्रा जुन्या, हाताने रंगवलेल्या फुलदाण्या जमवते. भंगारवाल्याच्या गाडीवर, मोडायला आलेल्या घरांत, कुणाच्या माळ्यावर, जिथे मिळेल तिथे. तिच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या जागी काचेचं कपाट आहे. तिचा नवरा धनेश पाहुण्यांना म्हणतो, "आमच्याकडे हळू बोला. कपाटातल्या बायका उठतील."

तिला एक खोड आहे. फुलदाणी दिसली की ती नखाने काठ वाजवते, कानाने ऐकते, आणि मग ती पालथी करते. कारण जुन्या कारखान्यांची खूण तळाला असते. एकदा म्हणे एका लग्नघरी तिने टेबलावरची फुलदाणी फुलांसकट पालथी केली आणि पाणी नवऱ्यामुलाच्या वडिलांच्या मांडीवर गेलं.

गेल्या वर्षी गौरी-गणपतीचं विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राने माझा मुखवटा उतरवला, साडी सोडली आणि ती पडद्यामागे ओट्याकडे चहा टाकायला गेली. सुचित्रा प्रसादाचा डबा परत द्यायला आली होती. ती आमच्याकडे यायची ती गौरीलाच, त्यामुळे एवढ्या वर्षांत तिने मला साडीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या मानेकडे, माझ्या खांद्याच्या उताराकडे. तिचं नख माझ्या काठावर वाजलं. आणि दुसऱ्या क्षणी मी पालथी होते.

माझ्या पोटातले सगळे तांदूळ सळसळत जमिनीवर सांडले.

सुभद्रा चिमट्यासकट धावत आली. "अगं बाई! गौर पालथी केलीस?"

"सुभे, खाली खूण आहे! बघ, ही बघ! मातीत कोरलेली खूण!"

"खूण गेली खड्ड्यात! वर्षाचं धान्य ते. आम्ही ते घरातल्या तांदळात मिसळतो. घर भरलेलं राहतं म्हणून. आणि तू ते पायाखाली सांडलंस!"

"चुकलं गं, चुकलं. भरते मी." सुचित्रा गुडघ्यावर बसून तांदूळ गोळा करू लागली. पण तिचे डोळे माझ्यावरच होते. आणि मग तिने त्याहून मोठी चूक केली. "सुभे, ही मला देशील? रंगाखाली काय आहे तुला कल्पना नाही. तुला हवी तशी दुसरी आणून देते गौरीसाठी. पितळेची आणते."

सुभद्राने चिमटा खाली ठेवला. "आज गौर मागितलीस. उद्या सासू मागशील फोटोतली. चहा पिऊन जा."

सुचित्रा चहा न पिता गेली. दोघींचं बोलणं बंद झालं. दिवाळीचा फराळ दादरहून आला नाही आणि लालबागहून गेला नाही.

त्या गडबडीत माझ्या पोटावरचा रंगाचा एक टवका उडाला होता. टवक्याखाली पांढरं दिसत होतं आणि त्यात एक निळा ठिपका. सुभद्रा मला पुसताना त्याच्यापाशी थांबायची. पुसून झालं तरी फडकं तिथेच फिरत राहायचं. एके दिवशी तिने चष्मा लावून पाहिलं. तो ठिपका नव्हता. तो डोळा होता.

यंदा श्रावण संपता संपता जयवंत आकाशी रंगाचा डबा घेऊन आला. दारं रंगवून झाल्यावर त्याने वर्तमानपत्र पसरलं आणि मला त्याच्यावर उभं केलं.

"बाबांसारखा रंग देणार आहे," तो म्हणाला. "ते टवके बघवत नाहीत. लोक म्हणतील, बाप गेला आणि पोराने गौर ओसाड ठेवली."

सुभद्राने गॅलरीत जाऊन फोन लावला. मला शब्द ऐकू आले. "मी अजून रागावलेली आहे. ते वेगळं. पण ये. हे ब्रश घेऊन बसलेत."

सुचित्रा टॅक्सीने आली. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. दारातच थांबली. "येऊ का?"

"आता काय पत्रिका छापू? ये."

सुचित्रा जमिनीवर बसली आणि तिने टॉवेल सोडला. आतून एक फुलदाणी निघाली. हिरवे पोपट, डाळिंबाच्या फांद्या. मी तिला लगेच ओळखलं. त्याच भट्टीतली, माझीच बहीण. एवढ्या वर्षांनी एका बहिणीला भेटले, तीही लालबागच्या लादीवर! तिची मान कधीतरी तुटली होती आणि डिंकाने जोडलेली होती. काठाला कपचे उडाले होते. पण पोपट जिवंत होते.

जयवंतने ब्रश बाजूला ठेवून पोपटाच्या शेपटीवरून बोट फिरवलं. त्याचा सगळा जन्म छपाईत गेला. "हे छापलेलं नाही," तो म्हणाला. "दोन पिसं सारखी नाहीत."

"हाताने काढलंय, भावजी. प्रत्येक रेघ. तुमच्या गौरीवर पण असंच काहीतरी असणार. खालची खूण तीच आहे."

जयवंतने बोट काढून घेतलं.

"म्हणजे," तो म्हणाला, "एवढं सुंदर काम होतं, आणि माझ्या बापाने त्याच्यावर दाराचा रंग फासला. असंच ना? अडाणी होता म्हणून."

"मी असं कुठे म्हटलं?"

"तुम्ही नका म्हणू. उद्या रंग खरवडला की बघणारा प्रत्येक जण म्हणेल. कुठल्या गाढवाने हे झाकलं होतं? आणि मी काय सांगू? माझ्या बापाने?" त्याने डब्याचं झाकण उघडलं. "राहू दे ते आत. बाबांचा रंग बाबांचाच राहील."

ब्रश रंगात बुडाला. सुभद्राने माझ्यासमोर हात धरला.

मला तेव्हा काय वाटत होतं ते सांगते. मला हंस बाहेर यायला हवे होते. पण रामजीला हसून बाहेर येणार असतील तर नको होते. त्याने मला जेवढ्या वेळा हातात घेतलं, तेवढं चिताऱ्यानेही घेतलं नव्हतं.

सुचित्रा माझ्याजवळ सरकली. यावेळी तिने मला पालथं केलं नाही. नुसतं बोट दाखवलं. "सुभे, हा पोचा कशाचा?"

"कुकरचं झाकण उडालं होतं."

"आणि हा, खांद्यावर?"

सुभद्राने नवऱ्याकडे बघितलं. जयवंत नाइलाजाने म्हणाला, "माझा बॉल. गॅलरीत खेळत होतो. बाबांनी सणसणीत वाजवली होती."

"तुम्हाला वाजवली, मग हिला काय केलं?"

"वरून रंग दिला. अजून एक हात."

"बघा," सुचित्रा म्हणाली. "माझ्या कपाटात एकही फुलदाणी धड नाही. कुणाला चीर, कुणाचा काठ गेलेला. ही माझी पोपटवाली, हिची मानच तुटली होती. मोठ्या बंगल्यात होती ती, काचेआड. आणि ही एका खोलीत राहिली. कुकर, बॉल, पोरं, सगळं झेललं. मार सगळा रंगावर गेला, भावजी. रंग फुटला, ती फुटली नाही. तुमच्या बाबांनी हिला दरवर्षी एक पांघरूण घातलंय."

जयवंतने माझ्या खांद्यावरच्या खळग्यात अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला.

"आणि रंग खरवडताना खालचं चित्रही निघून गेलं तर?" सुभद्राने विचारलं.

सुचित्रा खोटं बोलली नाही. "माहीत नाही. चित्र झिलईच्या खाली असेल तर काही होणार नाही. वर असेल तर रंगाबरोबर तेही जाईल. कधीकधी तसंही असतं."

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, ते माझ्या अंगात आहेत गं, अंगावर नाहीत! पण आम्हाला तोंड असतं, वाचा नसते.

जयवंतने ब्रश पुसला. "एवढ्याशा जागेत करून बघू. मी करणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवला. त्यात भिजवलेलं फडकं माझ्या टवक्याभोवती बांधलं. रंग नरम झाल्यावर जयवंतने बांबूची कामटी घासून पातळ केली आणि हळूच खरवडू लागला. आकाशी रंग निघाला. खाली गुलाबी.

"आपल्या श्रेयाच्या बारशाचं वर्ष," सुभद्रा म्हणाली. "सगळं घर गुलाबी केलं होतं मामंजींनी. मुलगी झाली म्हणून."

गुलाबीखाली पिस्ता. जयवंत हसला. "आपल्या लग्नाचा."

"किती भयंकर पिस्ता होता तो! माझी आई म्हणाली होती, पोरीला दवाखान्यात दिलीय की घरात."

पिस्त्याखाली गेरूसारखा लाल. तो जिन्याच्या कठड्याचा उरलेला रंग होता. त्याखाली राखाडी, मग मळकट पांढरा, मग पुन्हा कुठलातरी हिरवा. प्रत्येक रंगाला काहीतरी आठवण निघत होती. मृत्यू, नोकरी, नापास, पास. सुचित्रा फडकं भिजवून देत होती. अखेर पिवळा आला, रामजीचा पहिला. तो निघाला, आणि एक निळा हंस माझ्या अंगातून त्यांच्याकडे बघू लागला. मान वळवलेला तोच.

जयवंतने ओल्या फडक्याने त्याला पुसलं. घासलं. पुन्हा घासलं. हंस हलला नाही.

"आतमध्ये आहे," तो म्हणाला. "सुभद्रा, तो आत आहे!"

त्यानंतर रोज कामावरून आल्यावर तो चहा घ्यायचा आणि माझ्यासमोर बसायचा. चाळीतली मुलं, म्हातारे, सगळे डोकावून जायचे. "जयवंता, आज किती हंस आले रे?" असं गॅलरीतून विचारायचे. सुचित्रा कचेरी सुटली की थेट यायची आणि दुसऱ्या टोकाला बसून कामट्या घासायची. अंगावर माझ्या एक चीर नाही, एक ओरखडा नाही. मी जशी भट्टीतून निघाले होते, तशीच.

शेवटी जयवंत माझ्या पायापाशी आला तेव्हा आकाशी रंगाचा तो जाड ओघळ राहिला होता. त्याने फडकं भिजवलं.

"थांबा," सुचित्रा म्हणाली. "तेवढा राहू दे."

आयुष्यभर फुलदाण्यांवरचा डाग न् डाग पुसणारी ही बाई. ती म्हणाली राहू दे! जयवंतने तिच्याकडे पाहिलं आणि फडकं बादलीत टाकलं.

नंतर सुभद्राने तिला मुद्दाम विचारलं, "मग? आता नेणार का पितळेची देऊन?"

"नाही गं. माझ्याकडे ती कपाटात बसेल. इथे तिला नैवेद्य मिळतो."

आज गौरी यायच्या आहेत. घरात भाजी-भाकरीचा वास आहे, दाराबाहेर पावलं काढून झालीत. सकाळपासून सुचित्राच्या ओळखीचे आणखी एक संग्राहक येऊन बसलेत, हितेंद्रभाई. दादरला, माटुंग्याला, कुठे कुठे यांच्या ओळखी. त्यांनी मला चारी बाजूंनी पाहिलं, नुसतं "वा, वा" म्हणत राहिले. मग त्यांचं बोट माझ्या पायापाशी थांबलं.

"एवढं सगळं साफ केलंत, आणि हा निळा डाग कसा राहिला? आणि हे काम कुणाच्या हातचं, काही कळलं?"

सुचित्राने तोंड उघडलं होतं. पण जयवंत आधी बोलला. ताठ बसून, चारचौघांना ऐकू जाईल असं बोलला.

"हंस काढणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. तो डाग नाही. तो रामजी कोचरेकरांचा हात आहे. माझे वडील. त्यांनी ही सांभाळली."

हितेंद्रभाईंनी बोट काढलं आणि त्या ओघळाला नमस्कार केला. खरंच केला. माझ्या सगळ्या आयुष्यात माझा एवढा मान कधी झाला नव्हता. लिलीच्या फुलांनी नाही, हंसांनी नाही.

आता सुभद्रा हिरवी साडी घेऊन उभी आहे. सुचित्राने हंसांवर हात ठेवलाय. "अगं, एवढं खपून बाहेर काढले हंस, आणि तू झाकतेस?"

"गौर आहे ती! तिला काय उघडी बसवू? निऱ्या धर."

आणि सुचित्रा निऱ्या धरतेय.

तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू असेल, कुणीतरी भलताच रंग दिलेली. ती खरवडायला घ्याल तेव्हा सावकाश खरवडा. खाली काय आहे ते बघायची घाई असते, मला कळतं. पण वरचा हात कुणाचा होता, तेही घरात विचारा. सांगणारं माणूस अजून आहे तोवर विचारा.

"चला, पुरुषांनी जरा बाहेर व्हा," सुभद्रा म्हणतेय. "गौरीला नेसवायचंय."

मुखवटा मानेवर येतोय. येते मी. आता दोन दिवस मी कुणाशी बोलायची नाही, मला फक्त ऐकायचं असतं.